संशोधनाचा रकाना

त्या दोन रात्री ढग नव्हते. हे वाक्य मी आजवर कुणापुढे उच्चारलं नाही, बायकोपुढेही नाही. दोन्ही रात्री जबलपूरचं आकाश धुऊन वाळत घातल्यासारखं होतं, आणि मी एका परदेशी माणसाला लिहून कळवलं की त्या तासांत ढग आले होते. दोन ओळींची चिठ्ठी. तिच्यामुळे माझ्या वहिनींचं एक काम वाया गेलं. ते आपल्याच चुकीनं गेलं असं त्यांना वाटतं, आणि मी तसं वाटू दिलं.

आम्ही दोघे भाऊ सदर बाजाराच्या मागे एकाच घरात राहतो. दादा-वहिनी वर, आम्ही खाली. आमचं घराणं पणजोबांपासून इथलंच झालेलं आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. शाळा हिंदी, हिशेब हिंदी, भांडण तर हिंदीतच. वहिनी मात्र अमरावतीच्या. पहिलीपासून मराठीत शिकलेल्या, गणिताच्या बी.एस्सी. लग्न होऊन इकडे आल्या आणि मझौलीच्या शाळेत गणित शिकवायला लागल्या. रोज बसनं जायच्या, बसनं यायच्या. तिथल्या पोरांना त्यांनी हिंदीत शिकवलं, पण स्वतःसाठी काही लिहायचं झालं तर मराठीतच. किराण्याच्या यादीतही त्यांच्या आलूचे बटाटे होत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बीण घेतली. चांगली जाडजूड, आठ इंची, कॅमेरा लावता येईल अशी. दादा आयुष्यभर तोफांच्या सरकारी कारखान्यात होता. गच्चीवर ती नळी उभी राहिलेली पाहून म्हणाला, "लोकांच्या बायका बांगड्या घेतात. माझीनं तोफ आणली. कारखाना सोडला तरी सुटका नाही राजा."

वहिनींना ग्रह-तारे बघायचे नव्हते. त्यांना मोजायचं होतं. मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो दगड सूर्याभोवती फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. त्यातला एक, काही किलोमीटरचा, त्यांनी धरला. आमच्या दुर्बिणीतून तो नुसता ठिपका दिसे. पण ठिपक्याचा उजेड कमी-जास्त होतो. दगड वेडावाकडा असतो, गरगर फिरतो, कधी रुंद बाजू समोर येते कधी अरुंद. रात्रभर दर दोन मिनिटांनी चित्र घेतलं आणि प्रत्येक चित्रात त्या ठिपक्याचा उजेड शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहिला, की कागदावर एक लाट निघते. आमच्या दगडाची लाट तीन तासांच्या फेरीची होती. क्वचित एखाद्या दगडाभोवती दुसरा छोटा दगड फिरत असतो. मग तो कधी मोठ्याच्या पुढून जातो, कधी मागे दडतो, कधी एकाची सावली दुसऱ्यावर पडते. तेवढा वेळ उजेड नेहमीपेक्षा थोडा जास्त उतरतो. लाटेत खड्डा पडतो. त्या खड्ड्यावरून ओळखायचं की ठिपका एक असला तरी दगड दोन आहेत.

"इथं रस्त्यावरचे कमी होते का," दादा म्हणायचा, "तर आता वरचे खड्डे मोजून राहिले."

काम असं चाले. संध्याकाळी वहिनी दुर्बीण लावून देत, चित्रं आपोआप निघत. रविवारी जेवणं झाली की जेवणाच्याच टेबलावर कॉम्प्युटर मांडून आम्ही दोघं मोजायला बसत असू. वहिनी मोजत आणि वहीत लिहीत. फाइल बनवणं आणि चिठ्ठ्या पाठवणं माझ्याकडे. निरनिराळ्या देशांतले हौशी लोक तोच दगड आळीपाळीनं बघत होते, आणि खूप दक्षिणेकडच्या एका देशातले एक म्हातारे गृहस्थ सगळ्यांचे आकडे गोळा करत. वहिनींना इंग्रजी वाचता येई, लिहायला त्या बिचकत. म्हणून पत्ता माझा, पासवर्ड माझा.

आता माझ्याबद्दल. रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी तपासनीस आहे. मालाची मापं घेणं आणि दुसऱ्यानं घेतलेली मापं खरी आहेत का हे बघणं, हेच काम. बावीस वर्षं झाली. माणूस खोटा आकडा कसा लिहितो हे मला त्याच्या अक्षरावरून कळतं. खरा आकडा थोडा घाणेरडा असतो. कुठे एक कमी, कुठे दोन जास्त. सगळे आकडे गुणी मुलासारखे रांगेत बसले, की समजायचं भैयानं माप न घेताच रजिस्टर भरलं. आणखी एक नियम आहे आमच्याकडे. लिहिलेला आकडा बदलायचा असेल तर त्याच्यासमोर लाल शाईत 'संशोधन' लिहायचं आणि सही करायची. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, फेरफार. तो शब्द लाल शाईत दिसला की माझी मान आपोआप वर होते. कोणी बदलला? काहून बदलला?

पहिल्याच आठवड्यातल्या रविवारी वहिनी म्हणाल्या होत्या, "भाऊजी, मला वाटते हा एकटा नाही." लाटेत एक-दोन ठिपके जरा खाली आले होते, बाकी काही नव्हतं. मी हसलो, पण ते वाक्य मी डोक्यात टाकून ठेवलं. मोजायच्या आधीच ज्याला उत्तर माहीत असतं, तो माझ्या धंद्यात पहिला संशयित.

दिवाळी होऊन गेली होती. एका बुधवारी कारखान्यात वीज गेली म्हणून मी लवकर घरी आलो. वर गेलो तर वहिनी एकट्याच कॉम्प्युटरपुढे. मला पाहून त्यांनी वही मिटली आणि स्वयंपाकघरात गेल्या. एवढंच. पण बुधवार हा आमचा मोजायचा वार नव्हता.

रविवारी त्या भाजी आणायला गेल्या असताना मी वही उघडली. गेल्या आठवड्यातल्या दोन रात्रींच्या पानांवर दोन-दोन रकाने होते. डावीकडे निळ्या शाईत 'निरीक्षण'. उजवीकडे लाल शाईत, मझौलीच्या पोरांची वही तपासावी तशा ठसठशीत अक्षरात, 'संशोधन'. त्याच चित्रांचे आकडे, पण दोन्हीकडे वेगळे. फरक थोडाच, शेवटच्या घरातला. डावीकडच्या आकड्यांत खड्डा होता पण अंधुक, मळका. उजवीकडच्यात तो स्वच्छ होता. दोन्ही रात्री. कॉम्प्युटरवरच्या फाइलला तारीख बुधवारची.

मी वही जशी होती तशी ठेवली.

विचारलं असतं तर एका मिनिटात मिटलं असतं. पण मी विचारत नाही. रिछाईत मी हेच शिकलो, की माणसाला विचारलं की तो सावध होतो. आधी आकडा पकडायचा, मग माणूस. मी बघत राहिलो. त्या दिवशी मोजताना वहिनींनी माझ्याकडे दोनदा वळून पाहिलं, ते मी मनात टिपलं. त्यांनी विचारलं, "या दोन रात्रींचं तुम्हाला काय वाटते?" मी म्हणालो, "ठीक आहे." मला वाटलं, मला चाचपून राहिल्या. त्या म्हणाल्या, "चलो, मग पाठवून द्या. उजवीकडचे पाठवा." उजवीकडचे. म्हणजे बदललेले. माझ्या हातानं.

खरं सांगायचं ठरवलंच आहे तर हेही सांगतो. मला ते खोटं निघायला हवं होतं. मी इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका धरत होतो आणि माझ्या नावावर एक ओळ नव्हती. वहिनींनी साठीनंतर एक नळी गच्चीवर लावली, आणि आता त्यांचं नाव कुठल्या कुठे छापून येणार होतं. चिठ्ठ्या लिहिणारा मी. त्या दिवशी मला असं वाटलं नाही, मला वाटलं मी प्रामाणिकपणा वाचवून राहिलो. पण आतून ते होतं.

मी चार रात्रींची फाइल केली. त्यातल्या त्या दोन रात्रींमधले खड्ड्यांचे तास कापले आणि लिहिलं, या वेळात ढग होते. वहिनींना सांगितलं, पाठवली.

तीन आठवड्यांनी म्हाताऱ्या गृहस्थांचं उत्तर आलं. मी ते जेवायच्या सुट्टीत, डबा मांडीवर ठेवून वाचलं. त्यांनी लिहिलं होतं की आणखी दोघांना खड्डे दिसले आहेत, दगड बहुतेक दोन आहेत. छोटा दगड मोठ्याभोवती जवळजवळ एका दिवसात फेरी मारत असावा, म्हणून एका गावातून बघणाऱ्याला रोज फेरीचा तोच तुकडा दिसतो आणि नेमका कालावधी ठरत नाही. मधला तुकडा भारतातूनच दिसू शकतो. त्यांच्या हिशेबानं खड्डा बरोबर आमच्या ढगांच्या तासांत पडायला हवा होता. त्या वेळची काही चित्रं असतील, कितीही खराब असोत, पाठवावीत अशी विनंती होती.

मी घरी येऊन मूळ फाइल उघडली. खड्डा तिथेच होता. त्यांनी सांगितलेल्या वेळेला.

इथे मला कळायला हवं होतं. हा अंदाज येण्याच्या तीन आठवडे आधी वहिनींनी आकडे लिहिले होते. ज्याची वेळ कुणालाच माहीत नाही, तो खड्डा त्या जागेवर खोटा कसा पाडणार? पण माझ्या डोळ्यांपुढे तो लाल शब्द होता. मी स्वतःशी म्हणालो, दुसऱ्या कुणाचं कुठे वाचलं असेल, नाहीतर अंधारात मारलेला तीर लागला असेल. आणि त्याच्याही खाली दुसरी गोष्ट होती. आता आकडे पाठवले असते तर पहिला प्रश्न आला असता, मग ढगांचं काय? वहिनींवरचा संशय मला तेव्हा हवाहवासा झाला. तो सोडला तर उरत होतो फक्त मी.

मी उत्तर लिहिलं, क्षमस्व, काहीच चित्रं नाहीत. ते पत्र वहिनींना दाखवलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दगड जोडीचा असल्याचं जाहीर झालं. खाली खड्डे टिपलेल्या निरीक्षकांची नावं होती, त्यांत आमचं घर नव्हतं. कालावधीपुढे प्रश्नचिन्ह होतं. सांगणं भाग होतं, कारण वहिनी दर रविवारी विचारत. वर गेलो. दादा पंख्याखाली पेपर वाचत होता, वहिनी कैऱ्या चिरत होत्या. मी म्हणालो की दगड दोनच निघाले, दुसऱ्यांनी सिद्ध केलं.

वहिनींचा चेहरा उजळला. "म्हणजे आपलं बरोबर होतं."

मी म्हणालो, "आपले खड्डे त्यांच्या वेळेला बसत नाहीत म्हणे. वापरले नाहीत."

हे तिसरं खोटं, आणि सगळ्यात वाईट. आधीची दोन मी त्या परदेशी माणसाला बोललो होतो. हे त्यांच्या तोंडावर.

त्यांनी सुरी खाली ठेवली. "अच्छा," म्हणाल्या. मग फोडी ताटलीत सारत, "माझंच मोजताना काही झालं असेल, भाऊजी. तुमचे एवढे रविवार वाया घालवले."

दादानं पेपरच्या आडून विचारलं, "काहून, दगड-गोट्याचं लग्न आपल्याला न बोलावताच लागलं का?" नेहमी त्याच्या बोलण्यावर वहिनी काहीतरी परतून म्हणायच्या. त्या दिवशी त्या सुरी उचलून पुन्हा कैऱ्या चिरू लागल्या.

त्यानंतर दोन-तीन महिने त्या आपली चूक शोधत होत्या. सुट्टीच्या दुपारी खाली झोपाळ्यावर मला वर त्यांची खुर्ची सरकल्याचा आवाज येई. मी तो ऐकत पडून राहायचो. पुन्हा मोजायच्या, पुन्हा लिहायच्या. चूक सापडत नव्हती, कारण नव्हतीच. शेवटी एके दिवशी त्यांनी दुर्बीण जुन्या चादरीत गुंडाळली, सुतळी बांधली आणि जिन्याखाली ठेवली. मला म्हणाल्या, "ज्याला आपली चूक सापडत नाही त्यानं मोजू नये." पोरांना सांगायच्या तसं, अगदी शांतपणे. तेव्हासुद्धा मी मनात म्हटलं, बघा, कबूल करून राहिल्या. संशय असा असतो. त्याला काहीही खायला घाला, पचतं.

मग गेल्या वर्षीच्या माघात वहिनींच्या भाचीचं लग्न निघालं, आणि आम्ही तिघं गाडीनं अमरावतीला गेलो. मी चालवत होतो, दादा शेजारी, वहिनी मागे. महाराष्ट्रात शिरून बरंच पुढे आलो होतो. रस्त्याच्या कडेला एका फाटकावर पाटी होती, 'कापूस संशोधन केंद्र'. मला गंमत वाटली. मी म्हणालो, "वा, इथं कापसाचीही दुरुस्ती करून राहिले."

दादा हसला, त्यालाही तेच वाटलं. मागून वहिनी जास्त हसल्या.

"अहो, दुरुस्ती कसली. ते तुमच्या हिंदीत. मराठीत संशोधन म्हणजे शोध लावणं. ते तुम्ही लोक अनुसंधान म्हणता न, ते."

गाडी चालत होती.

"माझ्या वहीत नव्हतं का," त्या म्हणाल्या, "दोन रकाने. निरीक्षण आणि संशोधन. पहिल्यात खड्डा दिसला, पण माझा विश्वास बसेना. म्हटलं शेजारचा ताराच लबाड असेल. म्हणून दुसरे तारे घेऊन बुधवारी सगळं पुन्हा मोजलं. आणि वर नाव केवढं मोठं दिलं, संशोधन. तेवढीच हौस. आता हसू येते."

दादा म्हणाला, "गाडी हळू घे रे." मी हळूच चालवत होतो. त्यालाच काय दिसलं कोण जाणे.

अमरावतीला पोचेपर्यंत मी मनात सगळे पुरावे एकेक करून परत काढले. दोन रकान्यांत आकडे वेगळे होते कारण तारे वेगळे होते. उजवा रकाना स्वच्छ होता कारण ते तारे चांगले होते. 'उजवीकडचे पाठवा' म्हणजे तपासलेले पाठवा. त्या माझ्याकडे वळून पाहत होत्या, कारण त्यांना माझं मत हवं होतं. इतकी वर्षं ज्याला मी तपासणी म्हणत आलो, ती त्यांनी स्वतःच्या आकड्यांवर माझ्याआधी केली होती. वही काहून मिटली होती ते मला अजून माहीत नाही. दूध गॅसवर असेल.

लग्नघरी वहिनी सगळ्यांना सांगत सुटल्या, आमचे भाऊजी कापसाची दुरुस्ती करायला निघाले होते. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकीनं मला जिलबी वाढताना विचारलं, "दुरुस्त करून वाढू का जी?" मीही हसलो. खाली मान घालून जेवलो.

परत आल्यावर वहिनींच्या कपाटातली मराठी पुस्तकं मी वाचायला मागितली. त्यांना आनंद झाला, दर आठवड्याला एक काढून देऊ लागल्या. हे जे मी लिहितो आहे ते त्या वाचण्यातून आलेलं आहे. घरात जन्मभर बोललेली भाषा मला नीट वाचता येत नव्हती, आणि ती येत नाही हेही माहीत नव्हतं. पण ही सबब नाही. शब्द कळला नाही ही चूक असेल. विचारलं नाही, कापलं, ढग म्हटलं, पत्र लपवलं, तोंडावर खोटं बोललो, यात शब्दाचा काही दोष नाही. आणि अमरावतीहून आल्यालाही आता वर्ष उलटून गेलं. या वर्षभरात मला सगळं माहीत होतं. पुस्तकं घ्यायला दर आठवड्याला वर जात होतो, चहा पीत होतो, पुस्तक घेऊन खाली येत होतो.

मी अधूनमधून लघुग्रहांची यादी उघडून बघतो. त्या दगडापुढे जोडी असं लिहिलेलं आहे आणि कालावधीपुढे प्रश्नचिन्ह अजून आहे. मधला तुकडा अजून कुणाला मिळालेला नाही. तो माझ्या टेबलाच्या खणात, एका पेन ड्राइव्हमध्ये आहे. दोन्ही रात्री पूर्ण, एकही तास न कापलेल्या.

परवा दादानं ठरवलं की जिन्याखालची तोफ मझौलीच्या शाळेला देऊन टाकायची, घरात नुसती धूळ खाऊन राहिली. वहिनी लगेच हो म्हणाल्या. पुढच्या सोमवारी शाळेचा माणूस न्यायला येणार आहे. मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही जरा साफ करून द्याल का? तुम्हाला त्याचं माहीत आहे." काल मी सुतळी सोडली. चादरीच्या घडीत ती वही होती. मी ती उघडली नाही.

वहिनींच्या दोन रात्री माझ्याकडे आहेत. त्या पूर्ण, त्यांच्या नावानं, त्या म्हाताऱ्या गृहस्थांना पाठवायच्या आहेत, आणि ढगांची गोष्ट मी बनवली हे लिहायचं आहे. त्याआधी, सोमवारच्या आत, वर जाऊन वहिनींना सांगायचं आहे की त्यांची चूक त्यांना सापडली नाही कारण ती माझी होती. एवढं मी देणं लागतो. यातलं अजून काहीही दिलेलं नाही.